हॉस्टेलच्या बाथरूमला शॉवर फिल्टर लावावा का? (नागपूर, बोअरचं पाणी)

पागोळी_चिपळूण
नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची. या जुलैत नागपुरात इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला आले. कॉलेज शहराबाहेर, हॉस्टेल आवारातच. सगळं छान आहे, जेवणसुद्धा (तर्री सोडून, ती अजून झेपत नाही). रडायला येतं ते फक्त आंघोळीच्या पाण्याने.

आमच्याकडे पाणी म्हणजे वाशिष्ठीचं, नाहीतर घरच्या विहिरीचं. साबण एकदा फिरवला की फेस. इथे अर्धी वडी झिजली तरी अंगावर पिठासारखं काहीतरी बसतं. केस वाळल्यावर केरसुणी होते. कंगव्यात रोज गुंता निघतो. बाथरूमच्या काळ्या फरशीवर पांढरे नकाशे उमटलेत आणि शॉवरची निम्मी भोकं बंद आहेत.

माझ्या रूममेटने ऑनलाइन एक 'पंधरा स्तरांचा' शॉवर फिल्टर पाहून ठेवलाय, दोन हजारांच्या आसपास. दोघींनी मिळून घ्यावा असा विचार आहे. बाथरूम मात्र कॉमन, आठ जणींत दोन. म्हणजे रोज लावायचा आणि काढायचा. कोणी हॉस्टेलमध्ये असा फिल्टर वापरलाय का? कुठला घ्यावा?

हिंगणा_रोड_२०१४
ताई, मी चार वर्षं पोट्ट्यांच्या हॉस्टेलात काढले. तिथलं पाणी असं होतं का साबण लावला तं लागे नाही, अन् लागला तं निघे नाही. आम्ही काही फिल्टर-बिल्टर लावला नाही. तिसऱ्या वर्षी अर्ध्या पोट्ट्यांनी टक्कलच करून टाकलं, विषय संपला. तुले तो सल्ला देता येत नाही म्हणून गप बसतो.

पण एक विचारतो. पाणी बोअरचं आहे का नळाचं? नागपुरात यावरच सारं आहे. शहरात पेंच न कन्हानचं पाणी येते, ते बरं आहे. शहराबाहेरच्या कॉलेजात बहुतेक बोअर, न उन्हाळ्यात टँकर.

पागोळी_चिपळूण
बोअरचंच आहे. खाली मेसच्या मागे एका नळाला सकाळी तासभर 'शहराचं पाणी' येतं म्हणतात, ते स्वयंपाकाला वापरतात. प्यायला प्रत्येक मजल्यावर आरओ.

अमरावतीची_आई
माझा मुलगा गेल्या वर्षीपासून नागपुरात फ्लॅटवर राहतो, धरमपेठेत. मी त्याला शॉवर फिल्टर घेऊन दिला. पहिल्या आठवड्यातच म्हणाला, आई, फरक आहे, केस मऊ लागतात, पाण्याचा तो औषधी वास गेला. मी तर म्हणेन घेऊन टाक बाळा. दोन हजार काही जास्त नाहीत, एका पार्लरच्या खेपेला जातात. केस गेले की परत येत नाहीत.

जुना_लॅबवाला
अमरावतीच्या ताईंचा अनुभव खरा असणार. तरी तो पागोळीला लागू होत नाही. का ते जरा सविस्तर लिहितो. निवृत्त माणूस आहे, नागपूरच्या एलआयटी कॉलेजातून केमिकल इंजिनीअरिंग केलं, पुढे जन्मभर कारखान्यांच्या बॉयलरचं पाणी तपासलं. त्यामुळे थोडं लांबेल.

पाण्याच्या दोन वेगळ्या तक्रारी असतात आणि दुकानदार त्या मुद्दाम एकाच पिशवीत भरतात. एक क्लोरीन, दुसरी जडपणा.

नळाचं पाणी निर्जंतुक राहावं म्हणून त्यात थोडा क्लोरीन शिल्लक ठेवतात. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, तो निदान लिटरला ०.२ मिलिग्रॅम असावा असं आहे. तो 'औषधी वास' याचाच. धरमपेठेत पाणी नळाचं, म्हणून तिथे क्लोरीन काढणारा फिल्टर काहीतरी काढतो तरी.

बोअरच्या पाण्यात मुळात क्लोरीन नसतो. कोणी टाकीत ब्लीचिंग पावडर टाकली तरच. तिथे खडकातून विरघळून आलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं, तोच जडपणा. शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' पाणी म्हणायचे, फार नेमका शब्द होता. साबणातलं स्टिअरेट कॅल्शियमला धरतं आणि कॅल्शियम स्टिअरेट तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. अंगावर बसणारं 'पीठ' ते हेच. म्हणजे तुझा निम्मा साबण अंगाशी न भांडता पाण्याशी भांडतो.

आता तो पंधरा स्तरांचा फिल्टर. सामान्यतः आत असतं ते असं: कापसासारखी जाळी (गाळ अडवते), केडीएफ म्हणजे तांबं-जस्ताच्या मिश्रधातूचे कण (क्लोरीनचं क्लोराइड करतात), कॅल्शियम सल्फाइटच्या गोळ्या (क्लोरीनवरच काम, गरम पाण्यातही), ॲक्टिव्हेटेड कार्बन (क्लोरीन आणि वास), आणि बाकी रंगीत सिरॅमिक गोट्या. सगळा रोख क्लोरीनवर. शॉवर फिल्टरसाठी एनएसएफ/एएनएसआय १७७ नावाचं अमेरिकन मानक आहे, तेही मोकळा क्लोरीन किती कमी होतो एवढंच तपासतं. जडपणा त्यात धरलेलाच नाही. कंपनीने 'प्रमाणित' लिहिलं तर ते खोटं नसतं, पण ज्या गोष्टीचं प्रमाण दिलंय ती गोष्ट तुझ्या पाण्यात आहे का, हे तुलाच बघावं लागतं.

कॅल्शियम काढायला रेझिन लागतं, म्हणजे प्लास्टिकसारखे बारीक दाणे. आयन-एक्स्चेंजचं, मिठाने ताजं करायचं. त्यावर उद्या लिहितो, डोळे दुखले.

कूलरची_टाकी
काका, रेझिनचं उद्या सांगा, पण जडपणा तपासायला लॅब कशाला पाहिजे? नागपुरात प्रत्येकाच्या खिडकीत लॅब आहे. एप्रिलात कूलर लावा, मे महिन्यात ताटवा (बाजूची वाळ्याची जाळी) काढून पहा. नळाच्या पाण्यावर चालवला तर वाळा वाळ्यासारखा दिसते. बोअरच्या पाण्यावर चालवला तर ताटवा तुटते, वाकत नाही. बाबांनी एकदा आपटून काढला तं अंगणात रांगोळी पडली होती.

हिंगणा_रोड_२०१४
😂 खरं आहे. आमच्या गिझरमधून एकदा प्लंबरने क्षारांनी माखून सांगाड्यासारखा झालेला एलिमेंट काढला होता. आठ महिने जुना.

चुंबक_भक्त
पाइपला बाहेरून चुंबक लावून बघा. पाण्यातले क्षार मोडतात. आमच्या सोसायटीत लावलाय.

जुना_लॅबवाला
चुंबकाने कॅल्शियम कुठेही जात नाही हो. जेवढं आत शिरलं तेवढंच बाहेर येतं, साबणाचा फेस तेवढाच राहतो. सोसायटीच्या लोकांना एक करायला सांगा: चुंबकाआधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत घ्या, दोन्हींत सारखा साबणाचा चुरा टाकून हलवा. पैसे लागत नाहीत.

तीच गोष्ट तुरटीची. तुरटी गढूळपणा खाली बसवते, विरघळलेल्या कॅल्शियमला हात लावत नाही. आणि धुण्याचा सोडा जडपणा मोडतो हे खरं, पण तो अंगावर घ्यायचा पदार्थ नाही.

बरं, रेझिन. 'सॉफ्टनर शॉवर फिल्टर' म्हणून मिळणाऱ्या काडतुसात रेझिन असतं. ते कॅल्शियम धरून बदल्यात सोडियम सोडतं. तत्त्व एकदम पक्कं आहे, घोडं आकारात अडतं. एक लिटर रेझिन व्यवहारात साधारण ५० ग्रॅम जडपणा धरतं (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). मग थकतं. हाताच्या मुठीएवढ्या काडतुसात किती, २०० मिली? म्हणजे १० ग्रॅम. आता तुझ्या पाण्यात जडपणा किती, ते कळलं की किती बादल्यांत हे काडतूस थकेल ते सांगता येईल. तो आकडा तूच काढू शकतेस.

पहिल्या वर्षाला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल आहे ना? ईडीटीएचं टायट्रेशन (ईडीटीए म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरणारं रसायन)? ते याचसाठी असतं. बाटलीभर हॉस्टेलचं पाणी घेऊन जा.

पागोळी_चिपळूण
काका!! पुढच्या आठवड्यात तेच प्रॅक्टिकल आहे. मला वाटलं होतं ते फक्त जर्नल भरायला असतं.

रूममेट म्हणते तिच्या ताईकडे टीडीएस मीटर आहे, पेनासारखं. त्याने नाही का होणार?

जुना_लॅबवाला
टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघून एकूण विरघळलेले क्षार सांगतं. त्यात मीठही आलं, सोडाही आला, कॅल्शियमही आलं. सॉफ्टनरने एक कॅल्शियम काढलं की दोन सोडियम पाण्यात येतात, वजनाने ४० गेले आणि ४६ आले. म्हणजे पाणी फेसाळ झालं तरी मीटरवर आकडा फारसा हलत नाही. आणि विक्रेते हेच पेन बुडवून लोकांना भीती घालतात. ते पेन आरओ चालतोय का हे बघायला ठेव.

इतवारी_हार्डवेअर
दुकान असूनही विकू नका असं सांगतो, म्हणजे बघा 🙂 ऑगस्ट-सप्टेंबरात दरवर्षी आई-बाबा पोरांना घेऊन येतात आणि शॉवर फिल्टर मागतात. मी तीन गोष्टी विचारतो.

आटे कोणते? आपल्याकडे शॉवरचा हात बहुतेक अर्ध्या इंची असतो, फिल्टरही त्याच मापाचा येतो. पण जुन्या हॉस्टेलात शॉवर भिंतीतून थेट येतो, काही ठिकाणी सिमेंटमध्ये पक्का. तो खोलायला गेलात की पाइप आत तुटतो, मग भिंत फोडा, मग वॉर्डन. खोललाच तर टेफ्लॉन टेप पाच-सहा वेढे, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने. पाना लावून जोर करू नका, प्लास्टिकचे आटे चिरतात.

टाकी किती उंच? हे कोणी विचारत नाही आणि इथेच सगळं फसतं. पाण्याच्या दहा मीटर उंचीला एक बार दाब मिळतो. गच्चीवर टाकी आणि तुम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर शॉवर ते टाकी अंतर अडीच-तीन मीटर. म्हणजे पाव बार. त्यात फिल्टर बसवला की धार जाते आणि ठिबक राहते. जाहिरातीत जी धार दाखवतात ती पंपाच्या दाबावरची असते.

तिसरं, अंघोळ शॉवरखाली करता का बादलीने? बहुतेक पोरं हसतात. गरम पाणी ठरावीक वेळेला, ते बादलीत घ्यायचं. मग फिल्टर कुठे लावणार? नळाला लागणारा वेगळा येतो, पण आठ जणींच्या बाथरूममध्ये तो संध्याकाळपर्यंत जागेवर राहिला तर मला कळवा.

पागोळी_चिपळूण
दादा, तिन्हींची उत्तरं: शॉवर भिंतीतूनच येतो. मी तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावर. आणि हो, बादलीच. शॉवर मी महिन्यात दोनदा वापरला असेन. हा प्रश्न मी स्वतःला का नाही विचारला कोण जाणे. जाहिरातीतल्या बाईचे केस बघण्यात वेळ गेला.

ओपीडी_नंबर_सात
त्वचारोग विभागात रेसिडेंट आहे, नागपुरातच. जुलै ते ऑक्टोबर माझ्या ओपीडीत हॉस्टेलच्या मुलामुलींची रांग असते आणि प्रत्येकाचं पहिलं वाक्य 'पाण्यामुळे केस गळतात'.

थोडं वेगळं करून बघा. केस गळणं म्हणजे मुळापासून निघणं. केस तुटणं म्हणजे मधूनच. जड पाण्याने केसांवर क्षार आणि साबणाचा थर बसतो, केस खरखरीत होतात, गुंततात आणि विंचरताना तुटतात. हे पटण्यासारखं आहे. केसांच्या मजबुतीवर जड पाण्याचा काय परिणाम होतो यावर झालेल्या छोट्या अभ्यासांत काहींना फरक दिसला, काहींना नाही. पण मुळापासून गळण्याचं खापर पाण्यावर फोडण्याआधी दोन-तीन महिने मागे जाऊन बघा. ताप आला होता? डेंग्यू? परीक्षेचा ताण, कमी जेवण, घर सोडणं? अशा धक्क्यानंतर केस लगेच गळत नाहीत, साधारण दोन-तीन महिन्यांनी गळतात. पागोळी, बारावी, सीईटी, मग घर सोडणं, हिशेब कर. शिवाय मुलींमध्ये लोहाची कमतरता सर्रास असते. दिवसाला पन्नास ते शंभर केस जाणं तसंही नेहमीचंच आहे. वेणी घातली असेल तर दोन दिवसांचे एकदम दिसतात आणि घाबरायला होतं.

त्वचेचं म्हणाल तर इंग्लंडमध्ये २०११ साली एक चांगली चाचणी प्रसिद्ध झाली. एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांपैकी निम्म्यांच्या घरी खरेखुरे, मोठे सॉफ्टनर बसवले. बारा आठवड्यांनी नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. अख्ख्या घराच्या सॉफ्टनरची ही गत, तर मुठीएवढ्या काडतुसाचं काय.

करण्यासारखं सांगते. अंगाला साबणाच्या वडीऐवजी सिंडेट बार (साबण नसलेली, सौम्य डिटर्जंटची वडी) किंवा बॉडी वॉश, त्यातला फेस आणणारा पदार्थ कॅल्शियमला तितका धरत नाही म्हणून 'पीठ' बसत नाही. आंघोळीनंतर अंग ओलं असतानाच मॉइश्चरायझर, खोबरेल तेलसुद्धा चालेल. शाम्पूच्या यादीत ईडीटीए दिसलं तर चांगलं, आठवड्यातून एकदा पुरे. कंडिशनर रोज म्हटलं तरी चालेल.

आणि लिंबू डोक्याला चोळून नागपूरच्या उन्हात फिरू नका. कपाळावर, मानेवर ओघळ येतात त्या जागी ऊन लागून काळे डाग पडतात. दर वर्षी दोन-चार जणी येतात. लिंबूसत्व शॉवरला लावा, तिथे ते छान काम करतं.

अमरावतीची_आई
डॉक्टर, मग माझ्या मुलाला फरक कसा पडला? तो खोटं बोलणाऱ्यातला नाही.

ओपीडी_नंबर_सात
नाही काकू, खोटं कशाला बोलेल. क्लोरीनचा वास गेला हे अगदी खरं असणार. केस मऊ वाटले त्यात थोडा क्लोरीनचा वाटा असेल, थोडा नव्या शाम्पूचा असेल. (फिल्टरबरोबर शाम्पूही दिला होता का?)

अमरावतीची_आई
दिला होता. आणि कंडिशनरही. 🙈

पागोळी_चिपळूण
उशीर झाला, गणपतीला घरी गेले होते. प्रॅक्टिकल झालं!! आणि सरांनी परवानगी दिल्यामुळे मी सहा बाटल्या नेल्या होत्या. बॅचमधले सगळे नळाचं पाणी तपासून निघून गेले, मी आणि रूममेट साडेपाचपर्यंत तिथेच.

पद्धत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ५० मिली पाणी, त्यात अमोनियाचं बफर (पीएच १० ठेवायला), एरिओक्रोम ब्लॅक टीचे थेंब. पाणी वाइनसारखं लालसर होतं. वरून ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीए सोडायचं, लाल जाऊन निळं झालं की थांबायचं. जितके मिली लागले गुणिले २० म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅम जडपणा. शेवटचा थेंब पडतो आणि जांभळ्याचं निळं होतं ना, ते बघायला मजा येते.

बाथरूमचा नळ: २७ मिली, म्हणजे ५४०.
तेच पाणी दहा मिनिटं उकळून, गाळून: १७ मिली, ३४०.
मेसच्या मागचा सकाळचा नळ: ६.५ मिली, १३०.
मजल्यावरचा आरओ: २ मिली, ४०.
गच्चीच्या पन्हळीखाली बादली ठेवून धरलेलं पावसाचं पाणी: दोन थेंबांत निळं! जवळजवळ शून्य.

आणि सहावी बाटली. रूममेटने माझी वाट न बघता फिल्टर मागवलाच होता. एका रिकाम्या बाथरूमच्या शॉवरला, वॉर्डन मॅडम बाहेर असताना... असो. नवा कोरा फिल्टर, त्यातून आलेलं पाणी: २६.८ मिली. तीनदा केलं. रूममेटने एकदा स्वतः केलं. २६.८.

सरांनी दुसरीही एक बाटली आणायला लावली, त्यात क्लोरीन तपासायचं द्रावण टाकलं. पिवळा रंगच आला नाही. म्हणजे आमच्या पाण्यात क्लोरीन नाहीच. जे नव्हतं ते काढण्यासाठी आम्ही १,८९९ रुपये दिले.

कूलरची_टाकी
जे नव्हतं ते शंभर टक्के काढून तं टाकलं ना राजा. कंपनीचं काय चुकलं.

जुना_लॅबवाला
शाब्बास. दोघींना माझ्याकडून एकेक संत्रा बर्फी.

आता आकडे बोलू देत. तुझ्या २० लिटरच्या बादलीत ०.५४ गुणिले २०, म्हणजे १०.८ ग्रॅम जडपणा. २०० मिली रेझिनचं काडतूस धरतं १० ग्रॅम. म्हणजे महागातलं सॉफ्टनर काडतूस घेतलं असतंस तरी पहिली बादली भरता भरता ते संपलं असतं. त्यानंतर रोज रात्री मुठीभर खडेमीठाच्या पाण्यात भिजवून, धुऊन, परत लावायचं. शॉवरने पाच मिनिटांत ४० लिटर सहज जातात, तिथे तर अर्ध्या आंघोळीतच कारभार आटोपला. 'एक काडतूस तीन महिने' हे ज्या गावच्या पाण्यावर लिहिलंय ते गाव नागपूरच्या बोअरवर वसलेलं नाही.

उकळून ५४० चे ३४० झाले, तो तात्पुरता जडपणा. बायकार्बोनेटचा. उकळलं की तो चुना होऊन तळाशी बसतो, गिझरच्या एलिमेंटवर जमतो तो हाच. उरलेला ३४० उकळून जात नाही. म्हणजे गरम पाण्याचा थोडा फायदा आहे, पण तेवढ्यासाठी बादलीभर पाणी दहा मिनिटं उकळणं परवडणारं नाही.

खरी चावी तुझ्या तिसऱ्या बाटलीत आहे. १३०. तेवढंही पुरे.

पागोळी_चिपळूण
म्हणजे मेसच्या नळाचं पाणी आणायचं? वीस लिटर तीन मजले?

जुना_लॅबवाला
वीस कशाला. आंघोळ बोअरच्या पाण्यानेच कर. केस धुवायच्या दिवशी शेवटचे तीन-चार मग तेवढे नळाच्या पाण्याचे. जड पाणी केसांवर वाळतं तेव्हा क्षार मागे राहतात. शेवटचं पाणी मऊ असलं की मागे राहायला फारसं काही उरत नाही. पाच लिटरचा एक कॅन, आठवड्यातून दोनदा. त्यात चमचाभर व्हिनेगर टाकलंस तर साबणाचा राहिलेला थरही सुटेल. जास्त नको, चमचाभरच.

आरओचं पाणी आंघोळीला वापरू नकोस. एक लिटर शुद्ध पाण्यामागे त्याहून जास्त पाणी मोरीत जातं, आणि वॉर्डन रागावतील ते बरोबरच आहे.

हिंगणा_रोड_२०१४
न पाऊस आहे तोवर गच्ची आहेच. कोकणातल्या पोरीले पागोळीचं पाणी धरायले आम्ही काय शिकवाव.

पागोळी_चिपळूण
हो ना, आजी बघेल तर हसेल. नावच घेऊन बसलेय आणि पहिले दीड महिने अक्कल नाही आली.

एक शंका. वॉर्डन मॅडमना आकडे दाखवले. त्या म्हणाल्या, आमच्याकडे रिपोर्ट आहे, पाणी मर्यादेत आहे. हे बरोबर का?

जुना_लॅबवाला
बरोबर आहे आणि नाहीही. आयएस १०५०० मध्ये एकूण जडपणाला २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायची मुभा. तुझं ५४० त्या मुभेत बसतं. पण ते मानक पिण्याच्या पाण्याचं, आणि प्यायला तुम्हाला आरओ आहेच. मॅडम खोटं बोलत नाहीत. आंघोळीसाठी वेगळी मर्यादा नाही, म्हणून रिपोर्टवर भांडून काही मिळणार नाही. मागायचं असेल तर दुसरं मागा.

किती जणी आहात?

पागोळी_चिपळूण
१२०.

जुना_लॅबवाला
अख्ख्या इमारतीचं पाणी मऊ करायला सांगितलंत तर ट्रस्टी खुर्चीवरून पडतील, आणि मीठ मिसळलेलं एवढं सांडपाणी नाल्यात सोडणं मलाही पटत नाही. फक्त गरम पाण्याची लाइन धरा. १२० बादल्या, २,४०० लिटर, रोजचा सुमारे १.३ किलो जडपणा. त्याला २६ लिटर रेझिन लागेल. ५० लिटरची टाकी बसवली तर एक दिवसाआड ताजी करायची, दर खेपेला सात-आठ किलो मीठ. हे बऱ्याच हॉटेलांत असतं. मॅडमना 'केस गळतात' असं सांगू नका. 'गिझरचे एलिमेंट दर आठ महिन्यांनी जातात, त्याची बिलं काढा' असं सांगा. संस्थेला ती भाषा कळते.

इतवारी_हार्डवेअर
काका सोळा आणे. आणि फिल्टरचं काय केलंत? बिल असेल तर परतीची मुदत बघा.

पागोळी_चिपळूण
मुदत गेली होती, दहा दिवसांची. बाहेरचं नळकांडं रूममेटच्या भावाला दिलं, तो शहरात सदर भागात राहतो, तिथे नळाचं पाणी आहे. त्याला निदान वास तरी कमी येईल.

मेसच्या मावशींशी ठरलंय. बुधवारी आणि रविवारी सकाळी साडेसहाला मी कॅन घेऊन जाते, त्या बदल्यात त्यांच्या मुलीला गणित. तीन आठवडे झाले. केस चिपळूणसारखे नाहीत, पण कंगवा अडकत नाही. साबणाची वडी बंद केली, पीठ बसायचं थांबलं. हिमोग्लोबिन केलं, ९.८ निघालं, गोळ्या सुरू आहेत (डॉक्टरताई, थँक्यू). शॉवर लिंबूसत्वात रात्रभर बुडवून ठेवला होता, सगळी भोकं मोकळी झाली.

गिझरच्या बिलांचा अर्ज दिलाय, खाली ६२ सह्या आहेत. मॅडम म्हणाल्या दिवाळीनंतर बघू.

कूलरची_टाकी
दिवाळीनंतर म्हणजे उन्हाळ्यात. तोवर कॅन सांभाळ, न मावशीच्या पोरीले पास कर.